पहिल्या कोपऱ्याचा चिंचोका

ढाल जिंकली त्या दिवशी अख्खं जालना नाचलं, आणि पुंजाराम मापाडी तेवढा रडला. लोकांना वाटलं आनंदानं रडतोय. रडू द्या म्हणाले, ज्यानं एवढी वर्षं छावणीच्या मैदानावर ऊन-वारा खाल्ला त्याला आज हक्कच आहे. कुणी त्याच्या डोक्यावर गुलाल टाकला, कुणी पाठीत धपाटा घातला, आणि लतीफ गोलकीपरनं तर त्याला सरळ खांद्यावरच घेतलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, धोतराचा सोगा सुटलेला, वरून नुसता "उतरव रे बाबा, उतरव" म्हणत होता. पण त्या गर्दीत कोण कुणाचं ऐकतंय!

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे पंचावन्न साल. मोठी लढाई नुकतीच संपलेली, थंडीचे दिवस, धान्याच्या मोंढ्यात नवी ज्वारी यायला लागलेली. सुभ्यातल्या गावागावांच्या टीम फुटबॉलच्या स्पर्धेला जालन्यात आल्या होत्या. जिंकणाऱ्याला लाकडावर चांदीचा पत्रा ठोकलेली शील्ड मिळायची. शील्ड म्हणायला जीभ वळत नाही म्हणून मोंढ्यातले सगळे तिला ढाल म्हणत. आपली टीम म्हणजे कुंडलिका क्लब. जिनिंगमधले फिटर, रेल्वेतले दोन खलाशी, शाळेतले ड्रिलमास्तर, कदीम, म्हणजे जुन्या, जालन्यातली विणकरांची पोरं. अर्धे बूट घालून खेळायचे आणि अर्धे अनवाणी, कारण बूट तेवढेच होते.

फायनलला समोर औरंगाबाद. शेवटची दहा मिनिटं राहिली तरी दोन्हीकडं काही नाही. मग मच्छिंद्र फिटरनं डावीकडून बॉल आणला, दोघांना चकवलं आणि अशी लाथ हाणली की बॉल जाळीत. तेवढ्यात बाभळीखालून एक आवाज आला, "लाभ!"

सगळं मैदान त्या आवाजाकडं वळलं. म्हाताऱ्या लोकांनी तर टाळ्याच वाजवल्या. कारण तो आवाज त्यांनी नऊ वर्षांनी ऐकला होता.

हे जरा सांगितलं पाहिजे. मोंढ्यात धान्य मोजताना पहिल्या पायलीला कुणी 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. देवाचं नाव घ्यावं तसं ते पहिलं माप पुकारायचं. पुंजारामचा बाप मापाडी, आजा मापाडी, आणि पुंजारामचा आवाज तर असा की इकडं मोंढ्यात 'लाभ' म्हटलं की कुंडलिका नदीच्या पलीकडं धुणं धुणाऱ्या बायका मान वर करायच्या. तरुणपणी त्याला फुटबॉलचं वेड लागलं. स्वतः कधी खेळला नाही, पाय जरा वाकडे होते, पण एक सामना चुकवला नाही. आपल्या टीमनं पहिला गोल केला की हा बाभळीखालून 'लाभ' पुकारायचा, दुसऱ्याला 'दोन', आणि हळूहळू सगळं मैदानच त्याच्याबरोबर मोजायला लागलं. बाहेरगावच्या टीमना कळायचंच नाही की हे लोक गोल मोजून राहिलेत की गहू.

आणि मग नऊ वर्षांपूर्वी तो आवाज बंद झाला. मैदानावर यायचा, बाभळीला टेकून उभा राहायचा, पण गोल झाला तरी गप्प. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घसा बसलाय." आता नऊ-नऊ वर्षं कुणाचा घसा बसतो का हो? शिवाय मोंढ्यात दिवसभर तर हाच घसा खणखणत असायचा. पण लोकांनाही फार खोदायची सवय नसते, बसला असंल म्हणाले आणि सोडून दिलं.

त्या दिवशी मात्र मच्छिंद्रच्या गोलाला तो शब्द त्याच्या तोंडून निसटला. त्याचा त्यालाच ऐकू आला, आणि हात आपोआप बंडीच्या उजव्या खिशाकडं गेला तो रिकामाच परत आला. तिथंच त्याला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढालीची मिरवणूक निघायची होती. बँड ठरला होता, जुना जालना ते नवा जालना. सोनूबाईनं नवऱ्याचा ठेवणीतला फेटा काढून ठेवला. पुंजारामनं फेटा बांधला खरा, पण पायांत चपला सरकवून निघाला तो मोटारीच्या अड्ड्याकडं.

"अवं, मिरवणूक इकडून हाय!" सोनूबाई दारातून ओरडली.

"मी शहागडला चाल्लो."

"आज? ढाल इथं अन् तुमी शहागडला? तिथं काय हाय?"

"बद्री हाय," पुंजाराम म्हणाला, आणि चालायला लागला.

बद्रीनाथ जालन्यात होता तेव्हा दर सामन्याआधी ह्याच घरी जेवायचा. दोन भाकरी, ठेचा आणि तांब्याभर ताक, बस्स. सोनूबाई म्हणायची, भाऊजी, आणखी एक घ्या, अंगात जोर यायला पाहिजे. तो म्हणायचा, वहिनी, जोर पायात हाय, पोटात कशाला घालू? नऊ वर्षांत तो एकदाही आला नव्हता. पुंजारामही त्याच्याकडं गेला नव्हता. का गेला नाही हे तिनं दोन-चारदा विचारलं होतं, आणि दर वेळी ह्या माणसाला एकाएकी काही तरी काम आठवायचं.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार ती. अंबडच्या पुढं चढ आला की सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. ढकलताना पुंजारामच्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. गेल्या नऊ वर्षांत ती हजारदा चालली असेल, पण आज थांबतच नव्हती.

बद्री फुलबॅक होता. जिनिंगमध्ये गाठी उचलायचा, उंचापुरा, छाती दाराएवढी. समोरचा कितीही पळत येऊ दे, बद्री हलायचा नाही. बॉल जवळ आला की त्याची एकच लाथ, आणि बॉल पार दुसऱ्या टोकाला. तेव्हाचा बॉलसुद्धा काय होता! चांभाराकडून किती तरी ठिकाणी टाके घातलेला. आतला ब्लॅडर तोंडानं फुगवायचा, आणि तो मान होता बद्रीचा, कारण त्याच्याएवढा दम कुणालाच नव्हता. फुगवून झाला की वादी आवळायचा, बॉल पुंजारामच्या कानाशी धरायचा आणि बोटानं टिचकी मारून म्हणायचा, "सांग पुंजा, भरला का?" जसं काही पायलीच भरलीय. पुंजाराम गंभीर तोंड करून म्हणायचा, "शिगोशीग." मगच खेळ सुरू. ते दिवस आठवले की पुंजारामला अजून हसू यायचं.

तेराशे शेहेचाळीस सालची फायनल. हेच मैदान, हीच औरंगाबाद. त्या वर्षी स्पर्धेचा कायदा होता, सामना बरोबरीत सुटला तर ज्यांना कॉर्नर जास्त मिळाले ते जिंकले. कॉर्नरही सारखे झाले तर उद्या पुन्हा खेळायचं. आता कॉर्नर मोजणार कोण? दोन्हीकडच्यांची भांडणं लागली. शेवटी औरंगाबादवालेच म्हणाले, तुमचा तो मापाडी मोजू दे, त्याच्या मापाला तर आमच्याकडचे व्यापारीही मान देतात. पुंजारामला काय वाटलं म्हणून सांगावं! मैदानात उतरायची त्याची हौस अशी तरी पुरी झाली. रेफ्रीनं त्याला गोलच्या रेषेजवळ उभं केलं. त्यानं कनवटीचे, मापं मोजायचे चिंचोके काढले आणि ठरवलं, आपला कोपरा, म्हणजे कॉर्नर, झाला की चिंचोका उजव्या खिशात, त्यांचा झाला की डाव्या.

खेळ काय झाला, वा! दोन्हीकडं गोल नाही. जादा वेळ दिला, तरी नाही. अगदी शेवटाला औरंगाबादचे तिघं एकदम आत घुसले, लतीफ पडलेला, आणि गोल होणार एवढ्यात बद्रीनं आपल्याच गोलच्या मागं बॉल हाणला. गोल वाचला. त्यांना कॉर्नर मिळाला. तो त्यांचा शेवटचा कॉर्नर, त्यातून काही झालं नाही, आणि शिट्टी वाजली.

रेफ्री पुंजारामकडं आला. पुंजारामनं दोन्ही खिसे उलटे केले. रेफ्रीनं स्वतः मोजले. उजव्यात चार, डाव्यात पाच. औरंगाबादनं ढाल उचलली.

दोष तर कुणावर तरी टाकायलाच पाहिजे ना! तो पाचवा कॉर्नर कुणी दिला? बद्रीनं. बॉल दुसरीकडं मारता येत नव्हता काय? ज्यानं जन्मात कधी बॉलला पाय लावला नाही तोही म्हणायला लागला, मी असतो तर बाजूला मारला असता. गोल वाचवला होता त्यानं, पण ते कुणाला आठवत नव्हतं. मोंढ्यात त्याचं नावच पडलं, कोपरेवाला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम नेहमीसारखा मोंढ्यात बसला. समोर तुरीची रास. पायली भरली, शीग लावली, 'लाभ' म्हणाला आणि पोत्यात रिकामी केली. दुसरी भरली, 'दोन' म्हणाला आणि चिंचोका ठेवला. आणि त्याचा हात तिथंच थांबला.

कारण त्याच्या बापाची रीत अशी होती की लाभाच्या मापाला चिंचोका लावायचा नाही. ते देवाचं माप, ते पुकारायचं. चिंचोके दोनापासून. शेवटी जेवढे चिंचोके, त्यांत एक मिळवायचा की झाला हिशोब. मोंढ्यातल्या लहान पोरालाही हे ठाऊक. काल पहिला कोपरा आपला झाला तेव्हा पुंजाराम पंच असल्यामुळं ओरडला नव्हता, पण तोंडातल्या तोंडात 'लाभ' म्हणाला होता. आणि चिंचोका ठेवलाच नव्हता. औरंगाबादच्या पहिल्या कोपऱ्याला मात्र त्यानं ठेवला, कारण समोरच्या टीमसाठी 'लाभ' कोण म्हणणार? उजव्यात चार आणि वरचा एक. पाच-पाच. सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हायला हवा होता.

मापाडी तुरीच्या राशीपुढं बसून राहिला. आडते धर्मराज म्हणाले, "पुंजाराम, जल्दी कर, गाड्या खोळंबल्यात." त्यानं पुढं मोजलं. काय करणार होता? औरंगाबादवाले पहाटेच्या गाडीनं ढाल घेऊन गेलेले. आणि ज्या मापाड्याला पाच आणि चार कळत नाहीत, त्याला उद्या पायली कोण धरू देईल? घरात सोनूबाई बाळंतीण. आज सांगू, उद्या सांगू करता करता चौथ्या दिवशी कळलं की बद्रीनं जिनिंगची नोकरी सोडली आणि तो शहागडला शेतीवर निघून गेला. जाताना पुंजारामला भेटलाही नाही. मित्राचं तोंड बघायचीही त्याला लाज वाटली. आणि खरी लाज कुणाला वाटायला पाहिजे होती, हे पुंजारामला ठाऊक होतं.

मोटार शहागडला पोचली तेव्हा दुपार कलत होती. बद्रीचं खळं गोदावरीच्या बाजूला, गावाबाहेर. वारा चांगला होता, म्हणून बद्री तिवईवर उभा राहून ज्वारी उफणून राह्यला होता. बायको तुळजाबाई खाली सूप घेऊन. बद्रीच्या डोक्याचे केस पिकलेले, पोट जरासं सुटलेलं, पण उभं राहायची ढब तीच. पुंजारामला वाटलं, आत्ता म्हणंल, सांग पुंजा, भरला का?

बद्रीनं त्याला बघितलं. उफणणं थांबवलं नाही.

"ढाल आली म्हणं," वरूनच म्हणाला. "रातच्या मोटारवाल्यानं सांगितलं. बरं झालं. गेली होती माझ्या लाथेनं, आली कोणाच्या?"

"मच्छिंद्रच्या. बद्री, खाली उतर. एक बोलायचंय."

"बोल की. ऐकून राह्यलो."

पुंजारामनं वाटेत कसं सुरू करायचं ते दहा तऱ्हेनं ठरवलं होतं. त्यातलं एकही आठवेना. मग त्यानं जे होतं ते तसंच सांगितलं. लाभ, उजवा खिसा, डावा खिसा, दुसऱ्या दिवशीची तूर. सांगताना तो खाली ज्वारीकडंच बघत होता. कधी तरी वरून धान्य पडायचं थांबलं.

"किती झाले म्हणतो?" बद्रीनं विचारलं.

"पाच-पाच."

"पुन्हा सांग."

"पाच-पाच झाल्ते, बद्री. तुझा काही कसूर न्हवता. माझ्या हातानं झालं."

बद्री तिवईवरून उतरला. हातातली पाटी त्यानं अशी भिरकावली की ती पार कडब्याच्या गंजीवर जाऊन पडली. तुळजाबाई दचकून मागं सरली.

"नऊ वर्षं, पुंजा! नऊ वर्षं तू गप बसला? अरे, बापाच्या तेराव्याला आल्ते जालन्याचे लोक, तिथंबी एक जण म्हणलाच, हाच का तो कोपरेवाला. मी माल अंबडला घालतो, दोन पैसे कमी घेतो, का? तर जालन्याचं तोंड बघायला नको म्हणून. अन् तुला ठाऊक होतं!"

"होतं."

"मंग कामून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो," पुंजाराम म्हणाला. "पायली जाईल म्हणून भ्यालो. दुसरं काही न्हाई."

तुळजाबाईनं डोळ्याला पदर लावला. "भाऊजी, ह्यांनी घरात बॉलचं नाव काढू दिलं न्हाई. पोरांनी चिंध्यांचा बॉल केल्ता, तो चुलीत घातला ह्यांनी. मी म्हणायची, एवढं काय त्याचं? आता तुमी येऊन सांगून राह्यले."

पुंजाराम वाट बघत होता की बद्री त्याला मारील. मारलं असतं तर बरंच झालं असतं. पण बद्री राशीच्या कडेला जाऊन बसला आणि मूठभर ज्वारी ह्या हातातून त्या हातात करत राहिला.

"मला सांगून काय उपयोग?" शेवटी तो म्हणाला. "मला काय माहीत न्हवतं का, मी गोल वाचवला ते? ज्यांनी नाव ठेवलं ते मोंढ्यात हायत. त्यांना सांग. हातात पायली घेऊन सांग. सोमवारी मी गाड्या घेऊन येतो जालन्याला. बघू."

पुंजारामनं मान हलवली. चहा घ्या असं तुळजाबाई म्हणाली, पण तो थांबला नाही.

घरी आल्यावर त्यानं सोनूबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "नऊ वर्षं झाली, सामना असला की तुमी अर्धीच भाकर खाऊन उठता. मला काय दिसत न्हवतं? मी म्हणलं, पोटात काही दुखत असंल. सांगून टाका. पायली गेली तर गेली, दोघं मिळून सरकी वेचू."

"लोक हसतील."

"बद्रीभाऊजींना हसले तेव्हा?" ती म्हणाली.

सोमवार उजाडला. मोंढ्यात ही गर्दी. धर्मराजांच्या आडतीवर गादीच्या मागं ढाल ठेवली होती, हार घालून, कारण ती आठवडाभर दुकानादुकानांतून फिरायची होती. मच्छिंद्र आणि लतीफ तिच्यासोबत पानं खात बसलेले. तेवढ्यात बद्रीच्या दोन गाड्या आल्या. कुणी तरी लांबून ओरडलंच, "अरे, कोपरेवाला आला की! किती वर्षांनी!" आणि चार जण हसले. बद्रीनं बैल सोडले, पोती उतरवली, रास केली आणि बाजूला हात बांधून उभा राहिला.

पुंजारामनं पायली हातात घेतली. पायली भरली, शीग लावली, वर धरली.

"लाभ!" त्यानं पुकारलं. पोत्यात रिकामी केली, आणि कनवटीचा चिंचोका काढून समोर ठेवला.

हमालाचा हात थांबला. धर्मराज गादीवरून पुढं वाकले. "पुंजाराम, लाभाला चिंचोका? सकाळी सकाळी काय घेतलं-बितलं का?"

"न्हाई शेठ," पुंजाराम म्हणाला. "एक नऊ वर्षांमागं ठेवायचा राह्यला होता."

आणि मग त्यानं सांगितलं. त्याला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण तो घसा शेवटी मापाड्याचा होता. मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला तूर चाळणाऱ्या बायकांपर्यंत गेला. उजव्यात चार, डाव्यात पाच, आणि एक लाभाचा. पाच-पाच. बद्रीनाथनं ढाल घालवली नाही. मी घालवली.

तो कोपरेवाला म्हणून ओरडलेला माणूस पोत्याआड जाऊन काही तरी शोधायला लागला. मग रांगेत उभा असलेला घनसावंगीकडचा एक शेतकरी म्हणाला, "शेठ, माझा माल दुसऱ्या मापाड्याकडनं मोजून घ्या." त्यानं आपली गाडी वळवलीसुद्धा. त्याच्यामागं आणखी एकानं बैलांच्या कासऱ्याला हात घातला. पुंजारामनं पायली खाली ठेवली. हेच होणार हे त्याला माहीत होतं, तरी वाईट वाटायचं राहत नाही.

"उचल ती," बद्री म्हणाला.

पुंजारामनं वर बघितलं.

"पायली उचल म्हणतो. माझा माल दुसरं कोणी मोजायचं न्हाई. जालन्यात होतो तेव्हा शेकडो पायल्या बघितल्यात मी तुझ्या हातच्या, एक दाणा कमी न्हवता." बद्री लोकांकडं वळला. "चुकला तो मैदानात. आपल्या टीमवर जीव होता म्हणून चुकला. धान्यावर कोणाचा एवढा जीव असतोय?"

कुणी तरी हसलं, आणि मोंढा पुन्हा बोलायला लागला. धर्मराज म्हणाले, "म्हणजे पाच-पाच! अरे, मग तर ती ढाल तेव्हाच अर्धी आपली होती!" पाच जणांनी पाच मतं दिली. त्या दिवशी जिंकलो असतो, नसतो जिंकलो, लतीफचा पाय मुरगळला होता, त्यांचा सेंटरफॉरवर्ड दमला होता. मच्छिंद्रनं हार घातलेली ढाल उचलली आणि बद्रीपुढं धरली. "काका, हात लावा हिला."

बद्रीनं हात लावला, पण नुसता लावायचा म्हणून.

"ढालीचं काही न्हाई रे," तो म्हणाला. "जिंकलो असतो का, कोणाला ठाऊक? हारलोबी असतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं होतं ना. एक दिस आणखी खेळायला भेटला असता मला. तो गेला."

पुंजारामला तेव्हा कळलं की आपण ह्या माणसाचं काय घेतलं होतं. ढाल नाही, नाव नाही. एक दिवस घेतला होता. तो कुठून मोजून आणणार? त्याला तिथंच, भर मोंढ्यात, पायलीवर डोकं टेकून रडावंसं वाटलं, आणि तो रडलाही.

लतीफनं पान थुंकलं. "तो दिवस आज घ्या की," तो म्हणाला. "काय मच्छिंद्र? संध्याकाळी मैदान खालीच है."

चार वाजता छावणीच्या मैदानावर मोंढ्यातले निम्मे लोक आले. हमाल आले, आडते आले, सोनूबाई शेजारणीला घेऊन आली. जुन्या टीममधले लतीफ धरून चौघंच जालन्यात उरले होते, म्हणून बाकीचे नव्यांतले घेतले. बद्रीनं धोतर गुडघ्याच्या वर खोचलं. पोरांनी बूट दिले, त्यानं नको म्हटलं. खेळाआधी त्यानं बॉल उचलला, पुंजारामच्या कानाशी आणला आणि टिचकी मारली.

"शिगोशीग," पुंजाराम म्हणाला.

पहिली पाच मिनिटं बद्रीला दम पुरला. मग लागला धापा टाकायला. विशी-पंचविशीची पोरं त्याच्या दोन्ही अंगांनी पळून जायची आणि तो नुसता वळत राहायचा. लोक हसत होते, पण आजचं हसणं वेगळं होतं, आणि तोही हसत होता. एकदा मच्छिंद्र त्याच्या अंगावर आला, एकटा, समोर लतीफ. सगळ्यांना वाटलं आता गोल. बद्री मागं धावला, कसा धावला कुणास ठाऊक, आणि त्यानं ती जुनी लाथ काढली. बॉल गोलच्या बाजूनं, रेषेच्या पार मागं, बाभळींत.

कॉर्नर होता. बद्री गुडघ्यांवर हात टेकून वाकला, श्वास घेतला, आणि बाभळीकडं बघून ओरडला, "मोज रे पुंजा!"

पुंजारामनं कनवटीला हात घातला. चिंचोका काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला, आणि समोरच्या दगडावर ठेवला.

"लाभ!"

कुंडलिकेच्या पलीकडं धुणं वाळत घालणाऱ्या बायकांनी मान वर केली.